मी तिथे नव्हतोच!

पुराव्याचा कायदा करणाऱ्यांनी आपल्यासारखा मध्यमवर्गीय माणूस कधी पाहिलेलाच नसावा. इंग्रजांनी १८७२ साली केलेल्या कायद्यात एक उदाहरण होतं. गुन्हा कलकत्त्याला घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला होता, तर ही गोष्ट कोर्टापुढे मांडता येते. १ जुलै २०२४ ला नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्यात गुन्हा चेन्नईला आणि आरोपी लडाखला! दीडशे वर्षांत गावं बदलली, आरोपीची ऐपत तेवढीच.

माझ्यावर खटला झालाच, तर गुन्हा दादर पश्चिमेला आणि मी दादर पूर्वेला, एवढंच अंतर निघणार. मधला पूल काय, पाच मिनिटांत ओलांडता येतो. बरं, साक्षीदार कोण? आमची ही. ती सांगेल, "हे घरीच होते, खुर्चीत पेंगत होते." सरकारी वकील मिशीतल्या मिशीत हसून विचारतील, "बाई, आपण आरोपीच्या पत्नी ना?" संपलं! जन्मभर जी बाई 'हे कधी वेळेला हजर नसतात' म्हणत आली आणि सगळ्यांना ते पटलं, तिचं एकदाच 'हे हजर होते' म्हणणं कोणाला पटणार नाही.

उलट समोरचा छातीवर हात ठेवून सांगतो, "मी या डोळ्यांनी पाहिलं!" खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर, म्हणजे डोळ्याचं खरं आणि कानाचं खोटं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण डोळाच चुकला, तर बोटं कुठून मोजायची?

लंडनच्या ॲडॉल्फ बेकचंच पाहा. उमराव असल्याची थाप मारून बायकांचे दागिने लांबवणारा एक भामटा होता. १८९६ साली एकामागून एक बायकांनी कोर्टात बेककडे बोट दाखवलं, 'हाच तो!' १८७७ साली अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेला भामटा तो हाच, अशी पोलिसांचीही खात्री. बेक म्हणे, "अहो, १८७७ साली मी पेरू देशात होतो!" कलकत्ता-लाहोरपेक्षा लांबचा पुरावा, पण न्यायाधीशांनी तो विषयच निघू दिला नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९०४ साली बायकांनी त्याला पुन्हा ओळखलं, ज्यूरीने पुन्हा दोषी ठरवलं. तो कोठडीत असतानाच खरा भामटा पकडला गेला. बेकला माफी मिळाली, भरपाईही मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी!

त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, हेच तर भयंकर. खोटारडा उलटतपासणीत अडखळतो. प्रामाणिकपणे चुकलेला माणूस अडखळेल कशाला? त्याच्या चेहऱ्यावर सत्याचंच तेज असतं.

म्हणून 'मी तिथे नव्हतो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला सोडून द्यावं, असंही नाही. मित्र शपथेवर खोटं बोलतात, हजेरीपटावर परस्पर सह्या होतात. तेव्हा आपण दुसरीकडे होतो हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं कायदा म्हणतो, ते रास्तच आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी १९८१ साली एका निकालात बजावलं, की बचावाच्या साक्षीदारांनाही सरकारी साक्षीदारांइतकाच मान द्या. गंमत म्हणजे, त्याच खटल्यात आरोपीचं 'दुसरीकडे होतो' मात्र कोर्टाला पटलं नाही. समान मान म्हणजे समान तपासणी, ती अशी!

शिवाय 'दुसरीकडे होतो' सिद्ध झालं नाही, एवढ्यावरून 'तिथेच होतो' सिद्ध होत नाही. ते ओझं सरकारचं. निरपराध माणूस आपल्या संध्याकाळी पावतीनिशी जपून ठेवत नाही हो! मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारचा मिनिटामिनिटाचा हिशेब जो तिकिटांसकट पुढे ठेवतो, त्याच्याकडे मी तरी जरा निरखूनच पाहीन.

आणि मिशीतलं ते हसू वकीलसाहेबांनी एकदा उलट बाजूलाही वळवावं. बायकोला जसं विचारता, "तुम्ही पत्नी ना?" तसंच डोळ्यांनी पाहणाऱ्याला विचारा, "तिथे दिवा होता ना?"