बघायचं तिकडे नाक

चाळिशी उलटली की वर्तमानपत्र धरलेला हात लांब लांब जाऊ लागतो. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं, जवळचं पाहताना पुरेसं फुगत नाही. मग चष्म्याच्या दुकानात प्रश्न उभा राहतो, बायफोकल घ्यावा की प्रोग्रेसिव्ह?

बायफोकलचा व्यवहार रोखठोक. वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये रेघ. रेघ ओलांडताना अक्षर टुणकन उडी मारतं, पण खालचा भाग चांगला रुंद मिळतो. दिवसभर वह्या तपासणाऱ्याला तोच बरा. संगणकाचा पडदा मात्र धड लांब नाही, धड जवळ नाही. तो दोन्हींच्या मध्ये लटकतो. फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी यावर तोड काढली आणि १९५९ साली त्यांचं व्हॅरिलक्स हे प्रोग्रेसिव्ह भिंग बाजारात आलं. त्यात नंबर वरून खाली हळूहळू बदलत जातो, रेघ नसते. बसची पाटी, पडदा, मोबाइल, सगळं एकाच काचेतून दिसतं.

पण त्याची किंमत मोजावी लागते. स्पष्ट दिसणारा पट्टा मधोमध आणि अरुंद असतो, खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी धूसर. नुसती बुबुळं फिरवून शेजारी पाहिलं की दाराची चौकटसुद्धा वाकडी दिसते. जिना उतरताना हनुवटी छातीशी घेतली नाही, तर पायरी पुसट होते. म्हणून चष्मेवाला बजावतो, "बघायचं तिकडे नाक करा." सुरुवातीला चिडचिड होते, जुना चष्मा खुणावतो. पण नवा नेटानं वापरला, तर एक-दोन आठवड्यांत बहुतेकांची मान आपसूक वळू लागते. तरीही जमलं नाही, तर मापं पुन्हा तपासून घ्यावीत.

चष्मेवाल्याचा हा सल्ला चष्म्यापुरता ठेवण्यासारखा नाही. मुलगी शाळेतलं काही सांगत असते, आपली मान मोबाइलमध्ये आणि तोंडानं "हं, बोल, ऐकतोय." आई औषधाचं विचारते, तिला उत्तर मिळतं, नजर मिळत नाही. मग आपणच तक्रार करतो, हल्ली घरात कुणी मोकळेपणानं बोलत नाही. कोपऱ्यातून पाहिलेलं माणूस धूसरच दिसणार, त्यात त्याचा काय दोष?

आज घरात कुणी हाक मारली, तर उत्तर देण्याआधी पूर्ण मान वळवा.