श्वासाची अमानत आणि रोजचे औषध



कुणी अनेक वर्षे जिनिंग कारखान्यात कापसाची धूळ श्वासाबरोबर आत घेतली, कुणी रोलिंग मिलच्या धुरात उभे राहून पोट भरले, कुणाला विडीने गाठले. आपल्या माता-भगिनींनी तर पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे उमर घालवली. जालना जिल्ह्यातल्या या माणसांची फुफ्फुसे थकली की डॉक्टर त्यांना 'पंप' देतात. काही दिवसांतच घरात दोन वाक्ये ऐकू येऊ लागतात : "आता बरे वाटते, पंप कशाला?" आणि "अल्लाहवर भरवसा आहे, पंपाची सवय नको." ही वाक्ये औषधाविषयी दिसत असली, तरी त्यांच्या मुळाशी श्रद्धेचा प्रश्न आहे.

आधी भरवशाचा विचार करू. उंट मोकळा सोडून तवक्कुल करावा की बांधून, असे विचारणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास व मग तवक्कुल करण्यास सांगितले. उपचार करावेत का, या प्रश्नावरही त्यांचे उत्तर होकारार्थीच होते. शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अमानत आहे. ठेवीची हेळसांड करून ठेव ठेवणाऱ्यावर विश्वास असल्याचे सांगणे, हा तवक्कुल नव्हे.

आता 'बरे वाटते' याविषयी. काही पंप दम लागल्यावर तत्काळ आराम देतात. काही मात्र बरे वाटत असतानाही रोज घ्यावयाचे असतात. या दुसऱ्या पंपाचे फळ डोळ्यांना दिसत नाही, कारण न आलेला झटका कुणालाच दिसत नसतो. म्हणूनच तो सोडावासा वाटतो. आणि रोज लागणारे औषध म्हणजे व्यसन नव्हे. चष्मा रोज लागतो, म्हणून त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, असे हजरत आयशा (र.) यांच्या रिवायतीत आले आहे. ही शिकवण इबादतीपुरती ठेवून अमानतीच्या रक्षणातून वगळावी, असे कोणते कारण आहे?

रमजानमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पंपाने रोजा मोडतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. शेख इब्न बाज व शेख इब्न उसैमीन यांच्या मते मोडत नाही. आपल्याकडील हनफी मुफ्ती सामान्यतः मोडतो असे सांगतात. 1997 साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही या मुद्द्यावरील निर्णय पुढे ढकलला. परंतु मतभेद रोज्याविषयी आहे, जीव वाचवण्याविषयी नाही. दिवसातून दोनदा घ्यावयाचा पंप बहुधा सहरीला व इफ्तारनंतर घेता येतो. वेळेतील हा बदल रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावा. दिवसा दम लागला, तर मात्र पंप तात्काळ घ्यावा. हनफी मताने तो रोजा नंतर कजा करावा. आजार कायमचा असून कजाही शक्य नसेल, तर फिद्या आहे. सूरह अल-बकराच्या 184 व 185 व्या आयतींत आजाऱ्यास सवलत देऊन अल्लाहने आपल्यासाठी सुलभता इच्छिल्याचे सांगितले आहे. त्याने दिलेली सवलत नाकारणे ही परहेजगारी नव्हे.

औषधाला नमाजची वेळ जोडा. फजर व इशाच्या वुजूपूर्वी पंप घेतला, तर विसर पडत नाही. स्टेरॉइडयुक्त पंपानंतर तोंड खळखळून धुवावे लागते. वुजूतील गुळणीने तेही साधते. श्वास हळू व खोल घ्यावा, सुमारे दहा सेकंद रोखावा. पद्धत चुकली, तर औषध फुफ्फुसांऐवजी तोंडातच राहते. म्हणून ती डॉक्टरांसमोर करून दाखवा.

आणि घरच्यांनो, चारचौघांत पंप घेणाऱ्या वडिलांकडे कीव करून पाहू नका. लाजेने त्यांनी तो खिशातच ठेवला, तर मध्यरात्री घनसावंगीहून जालन्याला गाडी शोधत निघण्याची वेळ तुमच्यावरच येईल. त्यांना आठवण करून देणे ही त्यांची खिदमत आहे.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्याला श्वासाच्या या नेमतीची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.