पिवळं पान आणि गीता ६.१६



गॅलरीतल्या मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडली, बाकीच्यांनी माना टाकल्या. तहान लागली असेल म्हणून मी रोज पाणी ओतत गेलो. शेवटी कुंडीतून काढून बघितलं तर मुळं काळी, कुजलेली. माती सतत ओली, मुळांना हवाच नाही. मग पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलंच.

सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अति जागणाऱ्यालाही नाही.

माझंही तेच झालं होतं. जपात मन लागेना म्हणून माळा वाढवल्या, झोप कापली आणि सकाळी आईवर खेकसलो.

आता बोटभर माती कोरडी झाली की मगच पाणी. आज रात्री एकच माळ, मग झोप. आणि त्याआधी आईची माफी.