नाण्यावरील सूर्य आणि पित्याचा सूर्य

शास्त्रपाठ : मत्तय ५:४३-४८



रोमी बादशहांचा धर्म आणि दरारा त्यांच्या नाण्यांवरून हातोहाती पोहोचत असे. ऑरेलियन बादशहाने इ. स. २७४ मध्ये रोम शहरात अजिंक्य सूर्यदेवाचे मंदिर उभारले. त्याच्या अनेक नाण्यांवर किरणांचा मुकुट घातलेला सूर्य उजवा हात उंचावून उभा आहे, आणि त्याच्या पायाशी बांधलेले कैदी बसले आहेत. हा सूर्य बादशहासाठी उगवत होता. कैद्यांच्या वाट्याला त्याच्या टाचा होत्या.

पुढे इ. स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाईन मिल्वियन पुलाजवळ विजयी झाला. हा जय ख्रिस्ताच्या चिन्हाने मिळाला, असे त्या काळचे ख्रिस्ती लेखक सांगतात. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे त्याच्या नाण्यांवर तोच सूर्य राहिला, आणि लेख होता : 'अजिंक्य सूर्यास, सोबत्यास'. सुमारे इ. स. ३२५ नंतर तो सूर्य नाण्यांवरून जवळजवळ लोपला.

भाषांतरकाराच्या सवयीने मी 'सोबती' या शब्दापाशी थांबलो. सोबत्याने आपल्या वाटेने चालावे, अशी आपली अपेक्षा असते. प्रभूच्या मागे मात्र आपल्याला चालावे लागते. मंडळीतील एका वादाच्या वेळी मी महिनाभर गुडघे टेकले. मागणे एकच, माझ्या पक्षाचा जय व्हावा. विरोधी बंधूही माझ्या प्रार्थनेत होते. पण नाण्यावरील कैद्यांप्रमाणे, पायाशी. ओठांवर ख्रिस्ताचे नाव होते. मनातली मुद्रा जुनीच होती.

प्रभू येशू आपल्याला निराळा सूर्य दाखवितो. मत्तयाच्या ग्रीक मूळात पिता 'आपला' सूर्य उगवितो, असे म्हटले आहे. त्या लहानशा शब्दाने सूर्याचे देवपण गळून पडते. तो पित्याचा चाकर ठरतो. आणि पिता त्याला दुष्टांवर व चांगल्यांवर सारखाच उगवितो. म्हणूनच, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करणारे पित्याचे पुत्र ठरतात. पित्याची मुद्रा त्यांच्यावर दिसते.

वाचकहो, ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, असा कोणी आपल्यालाही आठवत असेल. उद्याचा सूर्य आपल्या दाराबरोबर त्याच्याही दारावर उगवेल. त्या प्रकाशात त्याचे नाव घेऊन, त्याच्या कल्याणासाठी पित्याजवळ मागा. तेवढी कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.