टाकीतलं पाणी, दारातलं पाणी

दर रविवारी सकाळी मी दोन माशांचं पाणी तपासतो. समुद्रापासून साधारण अडीचशे किलोमीटर आत, जामखेडमध्ये, आमच्या घरात शंभर लिटरचा एक समुद्र आहे. त्यात दोन क्लाउनफिश, काही गोगलगायी आणि मऊ प्रवाळांचे तीन-चार गुच्छ आहेत. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ते ठेवलेले नाहीत.

खारेपणा लिटरला 35 ग्रॅम, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच, तापमान 26 अंश, नायट्रेट 10 च्या आसपास. हे आकडे मला पाठ आहेत. एप्रिलमध्ये टाकीतून रोज दीडेक लिटर पाणी उडून जातं. मीठ मात्र उडत नाही, त्यामुळे उरलेलं पाणी जास्त खारट होतं. म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं, आणि त्यात दुसरं काहीही विरघळलेलं नको. बोअरचं पाणी आरओतून आणि मग रेझिनमधून काढलं की टीडीएस मीटर शून्य दाखवतो. अशा एक लिटरमागे तीन लिटर पाणी वाया जातं. ते आम्ही फरशी पुसायला आणि संडासात वापरतो.

दुष्काळी तालुक्यात हा शौक बरा का, असं मला मित्र विचारतात. मीही स्वतःला विचारतो. पण ज्या प्रश्नाने माझी झोप घालवली, तो वेगळा होता.

गेल्या मार्चमध्ये टाकीतलं नायट्रेट काही केल्या उतरेना. पाणी बदललं, खाणं कमी केलं, तरी आकडा तिथंच. कोडमध्ये बग सापडेना की आपण शेवटी इनपुट तपासतो. तसं मी मशिनमधून निघणारं पाणी तपासलं, तर रेझिन संपलेलं निघालं. मग सहज म्हणून त्याच किटने थेट बोअरचं पाणी तपासलं.

या टेस्टमध्ये दोन बाटल्या असतात. दुसरी अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, कारण तिच्यातली पावडर तळाशी बसते. नीट हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. मग नळी मिनिटभर हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. रंग गडद लाल आला. तक्त्यावर तो 40 आणि 80 च्या मध्ये कुठेतरी बसत होता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं भारतीय मानक सांगतं.

मी पुन्हा टेस्ट केली. या वेळी बाटली हलवताना माझा हात सैल पडतोय, हे माझ्या लक्षात आलं. मला कमी आकडा हवा होता.

कारण आमच्या बोअरला दाराबाहेर एक नळ आहे. शहराची तहान भुतवडा तलावावर, आणि तलाव खाली गेला की नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. तेव्हा शेजारची चार-पाच घरं आमच्या नळावर हंडे भरतात. आण्णांना याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. त्या दिवसांत समोरच्या काकूंची लेक बाळंतपणाला आलेली होती. बाळ दीड महिन्याचं. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी वरचं सुरू केलेलं, पावडरचं. ती पावडर काकू आमच्याच पाण्यात कालवत होत्या. उकळून, गाळून, अगदी निगुतीनं.

नायट्रेटची मर्यादा मुळात अशाच बाळांसाठी ठरवलेली आहे. पहिल्या काही महिन्यांत नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. ओठ, नखं निळसर पडतात. मोठ्या माणसाला सहसा तसं होत नाही. आणि उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं ते थोडं घट्टच होतं. माझ्या टाकीतल्या मिठासारखं.

हे सगळं मला त्याच संध्याकाळी माहीत झालं. काकूंना मी चौथ्या दिवशी सांगितलं.

त्या चार दिवसांबद्दलच मला लिहायचं आहे. माझ्याकडे कारणं होती, आणि प्रत्येक कारण स्वतंत्रपणे शहाणपणाचं वाटत होतं. किट माशांसाठीचं आहे, त्यावरून माणसांना कसं घाबरवायचं? आधी प्रयोगशाळेचा अहवाल येऊ दे. आण्णा म्हणाले, "चाळीस वर्षं हेच पितोय, काय झालं?" शिवाय सांगून त्यांनी करायचं काय? विकतचे जार रोज परवडणार नाहीत. ज्या धोक्यावर उपाय नाही तो सांगणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं नाही का? आणि एक कारण मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं: लोकांना हे कळायचं नाही, उगाच गोंधळ होईल.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1877 मध्ये एका निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्तीला आलंय, याची मालकाला शंका असते. पण इतक्या सफरी नीट झाल्या, हीही होईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांना पाठवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा ते बुडालं नसतं, तर मालक निर्दोष ठरला असता का? त्याचं उत्तर, अजिबात नाही. दोष जहाज बुडण्यात नव्हता. शंका दाबून टाकायचा त्याला हक्कच नव्हता.

आण्णांची चाळीस वर्षं म्हणजे त्या मालकाच्या सफरी होत्या. माझा सैल हात म्हणजे त्याची समजूत.

पण मला क्लिफर्डच्याही आधीचा प्रश्न पडतो. मी माशांचं पाणी दर आठवड्याला तपासत होतो आणि माणसांचं पाणी कधीच का तपासलं नव्हतं? किट तेच. वेळ दहा मिनिटं. उत्तर असं आहे की मासे मी आणले. ते मेले तर खून माझा. बोअरचं पाणी मात्र जमिनीतून आलं, तिथं शेतांतला युरिया, उकिरडे, शोषखड्डे हे सगळं मिसळत गेलं, त्यात माझा हात नाही. एकदा मोजलं की मात्र आकडा माझा होतो. ऑफिसात जो अलर्ट वाजला की आपल्यालाच उठावं लागणार, तो लोक म्यूट करून ठेवतात. न मोजणं हा अज्ञानाचा भाग वाटतो, पण पुष्कळदा ती निवड असते.

‘लोकांना कळायचं नाही’ हे कारण तर जामखेडमध्ये बसून मनात यावं याची मला लाज वाटली. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी इथं आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांची पहिली निकड दवाखाना नव्हती, पाणी आणि अन्न होती, हे त्यांनी ऐकून घेतलं. मग कधी शाळेत न गेलेल्या कितीतरी बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या बायका गरोदरपण तपासायला, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकल्या, आणि शेजारणींना शिकवू लागल्या. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्ञान आधी माणसाच्या हातात द्यायचं, तो पेलेल की नाही हे आपण परस्पर ठरवायचं नाही, हे माझ्याच गावाने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलेलं होतं. आणि मी इंजिनिअर होऊन चार दिवस एका आजीच्या वतीने ठरवत बसलो होतो.

चौथ्या दिवशी आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन घेऊन गेलो. माझं माशांचं किट, त्याचा अंदाजी आकडा, सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. गोंधळ वगैरे काही झाला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "उकळून बी जात नाही का ते?" मी नाही म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "तुला कवा कळलं?"

मी खरं सांगितलं. त्या गप्प झाल्या. कॅन घेतला आणि आत गेल्या.

प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला: 62. बाळाला काही झालं नाही. हे लिहायला हवं, कारण वाचणाऱ्याला काळजी लागते. आणि त्याने माझे चार दिवस माफ होत नाहीत, हेही.

ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याची जी शंका होती, ती खोटी नव्हती. नुसता आकडा सांगून घरी आलो असतो तर तेच झालं असतं. पण त्याचा उपाय गप्प बसणं नाही. सोबत कॅन नेणं आहे. मशिन तेच, फक्त आता पाण्यावर पहिला हक्क बाळाच्या दुधाचा आणि मग टाकीचा. आण्णांनी बाहेरच्या नळावर स्वतःच्या हाताने पाटी लावली: ‘लहान बाळांना हे पाणी देऊ नये. घरात मागावे.’ पहिल्या दिवशी ते जरा खट्टू होते.

काकू आता बोलतात, पण पूर्वीसारखं सहज नाही. दर रविवारी मी टाकीसोबत बोअरचीही एक नळी भरतो. त्या दारात दिसल्या की हाक मारून विचारतात, "किती आला रे आज?" आणि मी बाटली पूर्ण अर्धा मिनिट हलवतो.