राक्षसाचा रंग

मुरुम हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. वर्गात पुस्तक मराठी. पण घरी कुणाची कानडी, कुणाची उर्दू, तर तांड्यावरच्या मुलांची गोरमाटी. धडा सुरू झाला की अशी मुले मान खाली घालतात. हाती चित्रकथा पडली की मात्र त्यांना चित्र आधी कळते आणि शब्द त्याचे बोट धरून मागून येतो. अशाने मुले खरे पुस्तक कधी वाचणार, असे माझे विद्वान स्नेही विचारतात. पांगुळगाड्याने चालायला शिकलेले मूल काही जन्मभर तो ढकलीत हिंडत नाही!

१९५४ साली अमेरिकेत डॉ. वर्थम यांनी कॉमिक्सनी मुले बिघडतात असा ग्रंथच लिहिला. आपल्याकडे १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्रकथा' सुरू केली, ती मुलांना आपले रामायण-महाभारत कळावे म्हणून. चित्राची ताकद दोघांनीही ओळखली होती.

माझी अडचण निराळीच आहे. 'राक्षस' हा शब्द ऐकला की प्रत्येक मूल आपापला राक्षस मनात उभा करते. चित्र तो आयता देते, रंगासकट. आणि जुन्या चित्रकथांतला राक्षस बहुधा काळा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तिथल्या वर्गात अशा गोष्टीचे नाटक बसवायला घेतले. राक्षस कोण होणार, असे विचारताच साऱ्या माना एकाच मुलाकडे वळल्या. तो उठलाही, हसत. कुणी त्याला वाकडा शब्द बोलले नव्हते. पुस्तकातही तसे एक अक्षर नव्हते. पण ते हसणे मला अजून सोडीत नाही.

मग चित्रकथा कपाटात कोंडावी काय? तसे केले तर तांड्यावरच्या मुलाचे बोट सुटेल. २०११ साली 'भीमायन' हे बाबासाहेबांचे चित्रचरित्र निघाले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात मायाळू बोलण्याला पाखराचा आकार दिला आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. माणसाची पारख तिथे त्याच्या वाणीवरून होते. कातडीचा रंग कोण बघतो?

बाईंनी हे पुस्तक पाहिले होते की नाही, कोण जाणे. पुढच्या आठवड्यात त्यांनी राक्षसाच्या चौकटीवर कोरा कागद चिकटवला आणि ज्याने त्याने आपला राक्षस काढावा म्हणून सांगितले. कुणी सावकार काढला, कुणी कोरडी विहीर. त्या मुलाने एक गोरापान, चष्मेवाला गृहस्थ काढला. तो कोण, हे बाईंनी विचारले नाही.