रिकाम्या ठाणाचे मोल

जी वस्तू आपण वापरली नाही, तिचे पैसे आपण देणे लागतो काय? सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न कुणी आम्हांला घातला असता, तर अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो असतो. प्रत्यक्षात तो आमच्यापुढे आला एका घोडीच्या निमित्ताने, आणि त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर चुकले.

२०२३ च्या उन्हाळ्यात सहा आठवडे दक्षिण इंग्लंडमध्ये, ससेक्सकडे, एका धर्मग्रामाचे काम पाहण्याचा योग आला. तेथील धर्मगुरू सुट्टीवर गेले होते. त्या गावात आमच्या वसईकडचे एक कुटुंब राहते. नवरा-बायको दोघेही इस्पितळात पाळ्यांची नोकरी करतात. मुलगी पंधरा वर्षांची आहे. या मुलीची एक घोडी आहे. घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीच्या शर्यती येतात, नाहीतर माथेरानचा चढ. इंग्लंडात मात्र बेताच्या मिळकतीची माणसेही पोटाला चिमटा घेऊन घोडा बाळगतात. स्वतःची जमीन नसली, तर पैसे ठरवून तो दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवतात. अशा जागेला तेथे ‘लिव्हरी यार्ड’ म्हणतात. घोड्याला उभे राहायला ठाण मिळते, चरायला कुरण मिळते, आणि ठरले असेल त्याप्रमाणे चारापाणी व निगाही होते.

त्या वर्षी घोडीच्या पुढच्या पायाची कंडरा दुखावली. पशुवैद्यांनी तिला दहा आठवडे दूरच्या एका उपचारकेंद्रात ठेवण्यास सांगितले. तेथला खर्च अर्थातच वेगळा. घोडी जूनच्या मध्यास गेली, आणि महिनाअखेर यार्डाच्या मालकिणीचे बिल आले ते नेहमीइतकेच, एक पैसाही कमी नाही. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मुलीच्या वडिलांनी ते बिल आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “फादर, आपल्याकडे खानावळवालासुद्धा खाडा धरतो!”

खाडा! सातासमुद्रापलीकडे तो शब्द ऐकून आम्हांला हसू आले. पुण्या-मुंबईत शिकलेल्या कुणालाही खाडा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आदल्या दिवशी कळवले की दोन जेवणांचे पैसे कापले जातात. दूधवाल्याच्या हिशेबासाठी स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर आमच्या आईने काढलेल्या फुल्या आम्हांला अजून दिसतात. दूध घेतले नाही, पैसे नाहीत. इतका सरळ न्याय आपण लहानपणीच शिकतो. त्याच न्यायाने आम्ही तेथल्या तेथे निवाडा देऊन टाकला: निम्मे द्यावेत. निम्मेच का, हे आम्हांला कुणी विचारले नाही. विचारले असते तर सांगता आले नसते. आपण मालकिणीशी बोलू, असे आश्वासनही आम्ही देऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी यार्डावर गेलो. मालकीणबाई साठी ओलांडलेल्या विधवा आहेत. जमीन त्यांची नव्हे, भाड्याची. बारा ठाणे, त्यांपैकी एक रिकामे. जुलै महिना असल्यामुळे ट्रॉलीवरून वाळलेल्या गवताचे भारे उतरत होते, आणि बाई बोलता बोलता ते मोजत होत्या. गवत कापून वाळवण्याचे दिवस तेथे जून-जुलैचे; त्या काही आठवड्यांत साठवले ते हिवाळाभर पुरवायचे. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला, कुरण नसेल तेव्हा, दिवसाला आठ-दहा किलो कोरडे गवत लागते. घोडी आज येथे नाही, पण ती परत येणार म्हणून तिच्या हिवाळ्याचे गवत आजच घेऊन ठेवावे लागते. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र पुष्कळांना ठाऊक असेल. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि गवत आधीच उधळले, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, अशी त्यात ताकीद आहे. पागा पोसणाऱ्याला पुढचे दिवस आधी मोजावे लागतात, हे ससेक्समध्येही खरे आहे.

बाईंनी वही काढली. भाडे, विमा, पाणी, स्थानिक कर आणि कामाला ठेवलेल्या तरुण मुलीचा आठवड्याचा पगार, असा सगळा खर्च तीत मांडलेला होता. बारा घोड्यांची लीद काढणारी मुलगी अकरा घोडे झाले म्हणून पगाराचा बारावा हिस्सा सोडत नाही, आणि तिने सोडावा असे आम्हांलाही म्हणवेना. वाचले काय, तर ठाणात पसरायचा भुसा, थोडे गवत आणि खुराक. त्या बाईंच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते ते याचे की, घोडी नसल्यामुळे तिच्या वाट्याच्या कुरणाला विसावा मिळाला आहे, गवत चांगले येईल, हा फायदाही त्यांनी आपणहून बोलून दाखवला.

मग त्यांनी आम्हांला ते रिकामे ठाण दाखवले. झाडून स्वच्छ केलेले, आणि दारावर घोडीच्या नावाची पाटी तशीच. त्या ठाणासाठी तीन जणांनी विचारले होते. तिघांनाही त्यांनी नाही म्हणून सांगितले होते.

आमचा निम्म्याचा निवाडा आम्ही ओठांवर आणलाच नाही. खाड्याचा न्याय खोटा नव्हे, पण तो जेवणाचा न्याय आहे. दिवाळीला गावी जाणारा विद्यार्थी खानावळीचा खाडा धरतो, पण खोलीचे भाडे पुरते देतो. परतल्यावर आपली कॉट आणि आपली पेटी जागच्या जागी सापडावी, अशी त्याची अपेक्षा असते. इंग्लंडातील या यार्डांतही तोच भेद आहे. काही ठिकाणी घोड्याचे सारे काम मालकच येऊन करतो, चाराही तोच आणतो, आणि पैसे भरतो ते केवळ ठाणाचे व कुरणाचे. तेथे घोडा बाहेर गेला म्हणून पैसे कमी करा असे म्हणायला फारशी जागाच नसते. आमच्या वसईकरांची व्यवस्था पूर्ण निगेची होती. म्हणजे त्यांच्या बिलात ठाण होते, श्रम होते आणि चाराही होता. काही यार्ड अशा वेळी जागा राखण्याचा वेगळा, कमी दर घेतात. यांच्या लेखी करारात मात्र जागा सोडताना एक महिना आधी सांगावे, एवढेच होते. तात्पुरत्या गैरहजेरीबद्दल अक्षर नव्हते. करार मुका असला की माणसे आपापल्या सोयीचा न्याय त्याच्या तोंडी घालतात. आम्हीही तेच केले होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील लबाडीचा विचार करताना एक बारीक भेद सांगितला आहे. वस्तू देण्याने देणाऱ्याचे नुकसान होत असेल, तर ते त्याने किमतीत धरावे. मात्र देणाऱ्याला तोशीस नसताना, केवळ घेणाऱ्याची नड मोठी आहे म्हणून त्याने किंमत वाढवू नये. कारण ती नड देणाऱ्याच्या मालकीची नव्हे, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. सेमिनरीत हे आम्ही घोकले होते. त्याचा अर्थ त्या ठाणाच्या दारात उभे असताना कळला. मुलीचा घोडीवर जीव आहे, ती हे यार्ड सोडून कुठे जाणार नाही, या हिशेबाने बाईंनी पैसे लावले असते तर तो अन्याय झाला असता. पण तीन गिऱ्हाइके परत पाठवली ही त्यांची खरी तोशीस होती, आणि तिचे पैसे मागण्यात वावगे काही नव्हते. उलट बाजूही तितकीच खरी. त्या दहा आठवड्यांत त्यांनी तेथे दुसऱ्याचा घोडा बांधला असता आणि दोघांकडूनही पैसे घेतले असते, तर एकच ठाण दोनदा विकल्यासारखे झाले असते. जागा राखून ठेवली नाही, तर राखल्याचे पैसेही नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसावर पंचवीस वर्षांत आम्ही किती प्रवचने दिली, त्याची गणती नाही. उतारशाळेच्या मालकावर एकही दिले नाही. जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालून शोमरोनी तेथे आणतो, दोन दीनार देतो, आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगून निघून जातो. पुढचा भार त्या मालकाने परक्याच्या शब्दावर पेलायचा. आपले चित्त दात्यापाशी रमते. ज्याच्या घरात ते दान रोज उठून निस्तरावे लागते, त्याच्याकडे आपण पाहत नाही.

संध्याकाळी आम्ही त्या वडिलांना सांगितले: ठाणाचे, कुरणाचे आणि श्रमाचे पैसे पूर्ण द्या, वाचलेला चारा आणि भुसा तेवढा वजा करायला सांगा. ती वजावट बिलाच्या चौथाईहूनही कमी भरत होती. ते गप्प झाले. मग म्हणाले, “फादर, तुम्ही त्यांची बाजू घेतलीत.” त्यांची अडचण खोटी नव्हती. दोन ठिकाणी पैसे भरायचे म्हणून ते रात्रपाळ्या वाढवून घेत होते, आणि हे असेच चालले तर घोडी विकावी लागेल, असे पत्नीशी बोलणे झाले होते. मुलीला ते ठाऊक नव्हते. पण देणाऱ्याची ओढाताण झाली म्हणून देणे लहान होत नाही. सूट द्यायची की नाही, ते बाईंनी ठरवायचे. आदल्या दिवशी टेबलावर बसून आम्ही दयाळूपणा केला होता तो त्यांच्या खिशातून.

त्या रात्री आम्हांला आमच्या धर्मग्रामातला एक रिक्षावाला आठवला. शाळेत मुले नेणारा. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा दोन महिने वाट पाहून तो आमच्याकडे आला होता. रिक्षावर कर्ज होते. पालकांनी निम्मे तरी द्यावेत, असे फादरांनी त्यांना सांगावे, एवढीच त्याची विनंती. मुले रिक्षात बसत नाहीत, मग पालकांना कोणत्या तोंडाने सांगावे, असे आम्हांला वाटले आणि आम्ही गप्प राहिलो. काहींच्या नोकऱ्या गेल्या होत्या, हे खरे. पण पुष्कळांचे पगार चालू होते. आणि आमचे? चर्चचे दरवाजे बंद होते, भाविकांसह मिस्सा होत नव्हती, तरी दोन वेळचे ताट आमच्यापुढे येत होते. आमचा खाडा कुणी धरला नाही. २०२२ मध्ये शाळा नियमित भरू लागल्या तेव्हा पालक त्याच रिक्षावाल्याला शोधत आले, कारण लहान मुलींना निर्धास्तपणे सोपवावे असा तोच एक होता. त्याने रिक्षा केव्हाच विकली होती. तो एका सोसायटीत रात्रीचा पहारेकरी झाला होता, आणि अजूनही तेथेच आहे. परतल्यावर आम्ही त्याला भेटलो. त्याने चहा दिला आणि जुनी गोष्ट काढली नाही. आम्ही काढली, त्यावर तो म्हणाला, “जाऊ द्या, फादर.”

ससेक्सहून सप्टेंबरात फोन आला. घोडी परत आली होती. वडिलांनी बाईंना वजावटीविषयी विचारले होते. त्यांनी चारा आणि भुसा वजा केला, आणि कुरणाला मिळालेल्या विसाव्यापोटी आणखी थोडे सोडले. उरलेल्या रकमेपैकी काही भाग वडील सुट्टीच्या दिवशी यार्डावर काम करून फेडत होते. लीद काढायची, पाण्याची पिंपे धुवायची, कुंपण सांधायचे. कंबर धरते म्हणाले. मुलगी मागून ओरडून सांगत होती की, बाबांना अजून फावडे धरता येत नाही.